जिमखान्यातले नवे बिऱ्हाड

महाविद्यालयाच्या जिमखान्यात आजवर जी बिऱ्हाडे नांदली, ती बहुतेक एकमेकांच्या परिचयाची होती. क्रिकेट हा त्यांतील थोरला भाऊ. त्याच्या वाट्यास मैदानही मोठे आणि अंदाजपत्रकातील रक्कमही मोठी. कबड्डी आणि खो-खो ही घरचीच माणसे. त्यांस फारसे काही लागत नाही, म्हणून फारसे काही दिलेही जात नाही. कॅरम आणि बुद्धिबळ ही कोपऱ्यात बसणारी वडीलधारी मंडळी. या वाड्यात गेल्या काही वर्षांत एक नवे बिऱ्हाड येऊन उतरले आहे. त्याचे नाव ई-स्पोर्ट्स. त्यास मैदान लागत नाही, त्याच्या अंगास घाम येत नाही, आणि त्याचे सारे सामान खिशात मावते. त्यामुळे हे बिऱ्हाड म्हणावे की चार दिवसांचे पाहुणे, याचा उलगडा शेजाऱ्यांस अद्यापि झालेला नाही. आम्ही एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो. जिमखान्याचे काम अनेक वर्षे आमच्याकडे असल्यामुळे या नव्या बिऱ्हाडाची देखरेखही ओघानेच आमच्याकडे आली. असले मंडळ आपल्याकडे काढावे किंवा नाही, अशी पृच्छा इतर गावचे आमचे सहव्यवसायी मित्र अलीकडे वारंवार करू लागले आहेत. प्रत्येकास निराळे उत्तर देण्यापेक्षा जे पाहिले व जे उमगले ते एकदाच लिहून काढावे, असे मनात आले.

ज्या वाचकांस हा प्रकार अपरिचित असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. संगणकावर अथवा मोबाइलवर खेळावयाचे काही खेळ असे आहेत की, त्यांत संघ असतात, नियम असतात, डावपेच असतात, आणि पाहणारे प्रेक्षकही असतात. आमच्याकडील मुलांत जो सर्वाधिक प्रिय आहे, त्यात शंभरपर्यंत खेळाडू एका काल्पनिक बेटावर उतरतात. चौघाचौघांची एक तुकडी, तीस मुले ‘स्क्वॉड’ म्हणतात. आणि शेवटी जी तुकडी उरते ती जिंकते. बेट क्षणोक्षणी आक्रसत जाते, म्हणून दडून बसणाऱ्याचाही निभाव लागत नाही. चौघांनी एकमेकांशी सतत बोलावे लागते. ज्या तुकडीत सारेच बोलतात व कोणीच ऐकत नाही, ती प्रथम गारद होते. हा शेवटचा नियम खेळाच्या पुस्तकात लिहिलेला नाही. परंतु प्राध्यापकांच्या सभांस हजर राहण्याचा प्रसंग आम्हांस नेहमी येत असल्यामुळे तो आमच्या तत्काळ ध्यानात आला.

या खेळांवर जे आक्षेप घेतले जातात ते आम्ही पुष्कळ ऐकले आहेत, आणि ते सर्वच पोकळ आहेत असे आमचे म्हणणे नाही. लोकमान्य टिळकांनी महाविद्यालयातील आपले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक जिमखान्याच्या उद्घाटनप्रसंगी सांगितली जाते. आमच्या मंडळाच्या उद्घाटनास एका वयोवृद्ध गृहस्थांनी ती सांगितली व शेवटी विचारले, ‘‘त्यांचे वर्ष गेले, पण शरीर मिळाले. तुमचे वर्ष जाईल, आणि मिळणार काय?’’ सभेत हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोबाइलवर अंगठे फिरवून छाती रुंदावत नाही. उलट डोळे, मान आणि झोप या तिहींवर त्याचा भार पडतो. ई-स्पोर्ट्स हा व्यायाम आहे असे सिद्ध करू पाहणाऱ्याच्या वाटेस आम्ही कधीच गेलो नाही. नाटक हा व्यायाम नव्हे, वक्तृत्व हाही नव्हे. तरी महाविद्यालयाने या दोहोंस आपल्या छपराखाली जागा दिली आहे. ‘मिळणार काय?’ या प्रश्नाचे उत्तर खेळात शोधण्याऐवजी मंडळात शोधावे लागेल, इतकेच त्या दिवशी आम्ही मनाशी ठरवले.

या खेळांचा जन्मच मुळी विद्यार्थ्यांच्या एका मंडळाच्या आसऱ्याने झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत खेळण्यातील आगगाड्यांचे रूळ आणि सिग्नल जोडीत बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. त्या मंडळाच्या परिवारातील स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनी १९६२ साली ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तेथील एका संगणकावर तयार केला. एका ताऱ्याभोवती दोन याने फिरत आहेत आणि एकमेकांवर मारा करीत आहेत, एवढाच तो खेळ. त्याची किंमत कोणी लावली नाही आणि त्यावर मालकीही कोणी सांगितली नाही. ज्या विद्यापीठात तसले यंत्र होते तेथे तो आपोआप जाऊन पोहोचला, व जेथे पोहोचला तेथल्या मुलांनी त्यात आपापली भर घातली. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत याच खेळाची स्पर्धा झाली. विजेत्यास बक्षीस काय, तर ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाची एक वर्षाची वर्गणी! संगणकावरील खेळांची अगदी आरंभीची ही स्पर्धा विद्यापीठात व्हावी आणि तिचे पारितोषिक वाचनाचे असावे, ही गोष्ट प्रस्तुत मासिकाच्या वाचकांस रुचेल अशी आमची खात्री आहे.

पुढे महाविद्यालयीन मंडळांची वाढ त्याच देशात झपाट्याने झाली. २००९ साली प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थिनीने निरनिराळ्या महाविद्यालयांच्या संघांस एकत्र आणून ‘कॉलेजिएट स्टारलीग’ उभी केली. २०१० साली ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली. तीच पुढे ‘टेस्पा’ या नावाने देशभर पसरली. २०१४ साली शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने या खेळातील संघास इतर क्रीडापटूंप्रमाणे शिष्यवृत्ती देण्याचे जाहीर केले, आणि २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेने या खेळासाठी स्वतंत्र दालनच उघडले. या घटनांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी मुले जमली. शिष्यवृत्त्या, दालने व प्रशिक्षक मागाहून आले. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नेमकी उलटी रीत दिसते. आधी दालनाचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, झगझगीत खुर्च्या येतात. आणि वर्षभराने त्या खुर्च्यांवर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले आढळतात.

आमच्या मंडळास दालन मिळाले नाही, हे त्याचे भाग्यच म्हणावे लागेल. कोरोनाच्या साथीनंतर २०२१ च्या दिवाळीपुढे महाविद्यालय पुन्हा गजबजले, तेव्हा चार मुले अर्ज घेऊन आली. दीड वर्ष ती एकमेकांस केवळ आवाजाने ओळखत होती. रात्री एका बेटावर उतरत होती, आणि दिवसा एकाच जिन्यावर एकमेकांस न ओळखता जात होती. अर्जात त्यांनी संगणक मागितले नाहीत, पैसे मागितले नाहीत. शनिवारी दुपारी एक खोली मागितली. आम्ही त्यांस वनस्पतिशास्त्राच्या शेजारची, वरच्या मजल्यावरील एक जुनी खोली दिली. कारण साऱ्या इमारतीत मोबाइलची रेंज त्या एका कोपऱ्यात बरी होती.

पहिल्या तीन महिन्यांत मंडळ वाढले नाही. चौघांचे आठ झाले, आठांचे बारा झाले, आणि तेथेच गाडे थांबले. कारण शोधण्यास दूर जावे लागले नाही. जे येत ते सर्व उत्तम खेळणारे होते, आणि उत्तम खेळणाऱ्यास उत्तम खेळणाराच सोबती हवा असतो. नवखा मुलगा येई, पहिल्याच मिनिटास त्याचा खेळ आटोपे, आणि उरलेला अर्धा तास तो इतरांचे अंगठे पाहत बसे. पुढच्या शनिवारी तो येत नसे. मंडळाने आपला जो संघ निवडला तो चार जणांचा. म्हणजे उरलेल्यांस ‘तुमची गरज नाही’ असे सांगणारा फलकच जणू दारावर लागला.

पुढे वाढ झाली ती, ज्यांस खेळता येत नव्हते अशांच्यामुळे झाली. एका मुलास नेम म्हणून साधत नसे. परंतु शंभर जणांची नावे, तुकड्या, वेळा यांचा घोळ निस्तरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अशा सामन्यासाठी निराळी ‘रूम’ उघडावी लागते व तिचा परवलीचा शब्द सर्वांस एकाच वेळी पोहोचवावा लागतो. तो चुकीच्या माणसाच्या हाती गेला की भलतेच पाहुणे बेटावर उतरतात. हे काम त्याने एका शंभर पानी वहीच्या आधाराने असे काही बसवले की, त्यानंतर आमच्या सामन्यांस उशीर म्हणून झाला नाही. दुसरा एक मुलगा बोलघेवडा होता. त्याने भिंतीवर पडद्यावर दिसणाऱ्या सामन्याचे समालोचन मराठीत सुरू केले. आजवर जो खेळ जाणकारांचा होता तो त्या दिवसापासून सर्वांचा झाला. कोण कोठे दडला आहे, कोणाकडे दारूगोळा संपला आहे, आक्रसणाऱ्या बेटाची कड कोणाच्या पाठीशी येऊन ठेपली आहे, हे तो कुस्तीच्या फडावरील निवेदकाच्या थाटात सांगे. ज्यांनी आयुष्यात तो खेळ उघडला नव्हता अशी मुलेमुली केवळ ऐकण्यास येऊन बसू लागली. प्रयोगशाळेतील शिपाईमामाही कुलूप लावण्याच्या निमित्ताने दारात रेंगाळू लागले. तिसरी एक विद्यार्थिनी वाणिज्य शाखेची. तिने हिशेब हाती घेतला. चौथ्याने ‘पिंग’चे कोष्टक केले. बोट दाबल्यापासून ती आज्ञा दूरच्या यंत्रापर्यंत जाऊन परत येण्यास जो वेळ लागतो त्यास मुले पिंग म्हणतात. तो वाढला की उत्तम खेळाडूही आंधळ्यासारखा धडपडतो. इमारतीच्या कोणत्या कोपऱ्यात कोणत्या कंपनीचे सिमकार्ड किती वेळ घेते, याचा नकाशा त्या मुलाने काढला. असे तक्ते विज्ञानशाखेच्या प्रात्यक्षिकवहीत आमच्या पाहण्यात फारसे येत नाहीत.

वर्षाअखेरीस सभासदांची संख्या चौसष्टावर गेली. त्यांतील नियमाने खेळणारे तीसही नव्हते. नाटकाच्या रंगमंचावर चार जण असतात व पडद्यामागे चाळीस असतात, हे ज्याने महाविद्यालयात एक तरी एकांकिका बसवली आहे त्यास सांगावयास नको. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने नट निर्माण केले, ही गोष्ट सर्वतोमुखी आहे. त्याच करंडकासाठी नेपथ्य उचलणाऱ्या मुलांची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. मंडळ म्हणून जी वस्तू आहे, ती या दुसऱ्या जातीच्या मुलांच्या खांद्यावर उभी असते.

मंडळाची खरी कसोटी पुढच्या वर्षी लागली. हा जो बेटावरचा खेळ, त्याचा आधीचा अवतार ‘पबजी मोबाइल’ या नावाने सर्वांस ठाऊक होता. त्यावर भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. २०२१ च्या जुलैत तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नव्या नावाने परत आला, आणि आमचे मंडळ त्याच्याच आधारावर निघाले. २८ जुलै २०२२ रोजी तो सरकारच्या आदेशावरून ॲपच्या दुकानांतून पुन्हा नाहीसा झाला. यातील मौज अशी की, ज्यांच्या मोबाइलवर तो आधीच उतरवलेला होता त्यांस तो काही काळ खेळता येत होता; नव्याने मात्र कोणास मिळत नव्हता. म्हणजे जुन्या सभासदांचे काहीच बिघडले नव्हते. नुकतीच प्रथम वर्षास आलेली मुले तेवढी दाराबाहेर राहिली.

त्या शनिवारची सभा आम्हांस चांगली स्मरते. जुन्या खेळाडूंचे म्हणणे असे पडले की, आपण आपल्यात खेळत राहावे. बंदी उठेल तेव्हा उठेल. ‘‘सर, आमचा गेम चालू आहे ना? मग क्लब बंद कशाला करायचा?’’ हे म्हणणे वरवर रास्त दिसत होते. त्यावर ती वही सांभाळणारा मुलगा उभा राहिला. त्याने त्या वर्षीच्या नव्या अर्जांची पाने उलटून दाखवली. एकतीस नावे होती. तो म्हणाला, ‘‘यांना आपण काय सांगायचं?’’ खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. सरकारच्या आदेशाने दुकानांतून काढलेल्या खेळाचे सामने महाविद्यालयाच्या खोलीत भरवता येणार नाहीत, हे आम्हांस सांगणे भागच होते. पण ते सांगण्याची वेळ आली नाही, कारण त्या एकतीस नावांनी जे काम केले ते आमच्या आज्ञेने झाले नसते. मंडळाने बेट सोडण्याचे ठरवले. उत्तम खेळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण निघून गेले. चौसष्टांचे एकोणीस उरले.

या प्रसंगाने आम्हांस जो विचार करावयास लावले तो असा. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे हुतूतूचे प्रात्यक्षिक करून दाखवले. या खेळांस कोणी मालक नव्हता. कोणत्याही गावाने रेघ ओढावी व खेळावे. एखाद्या जिमखान्यास नियम जाचक वाटले तर त्याने दुरुस्ती सुचवावी. ‘स्पेसवॉर’ही अशाच निर्धन आणि म्हणूनच स्वतंत्र कुळातला होता. आजचे ई-स्पोर्ट्स तसे नाहीत. प्रत्येक खेळ ही कोणा कंपनीची मालमत्ता आहे. स्पर्धा भरवावयाची तर तिच्या अटी पाळाव्या लागतात, बेटावरील एखादी टेकडी एका रात्रीत नाहीशी झाली तर तक्रारीस जागा नाही, आणि उद्या त्या कंपनीने दुकान आवरले तर खेळही गेला व त्यात कमावलेले कसबही गेले. यात कंपनीचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याने घर बांधले त्याचेच ते असणार. परंतु भाड्याच्या घरात राहणाराने भिंतींवर जीव लावू नये, हे शहाणपण आपल्या बिऱ्हाडकरूंच्या पिढ्यांनी आपल्यास शिकवले आहे. घर दुसऱ्याचे असले तरी संसार आपला असतो. घर बदलले की चूल, भांडी व माणसे उचलून दुसरीकडे मांडावयाची असतात. ज्या मंडळाने आपले नाव एखाद्या खेळावरून ठेवले, त्याने घरमालकाच्या नावाची पाटी आपल्या दारावर लावली असे समजावे.

आमच्या मुलांनी चूल हलवली. संगणक प्रयोगशाळेतील तीन यंत्रांवर फुटबॉलचा एक खेळ सुरू झाला, आणि मोबाइलवर बुद्धिबळाचे सामने सुरू झाले. बुद्धिबळास तर मालक नाहीच; शिवाय लिचेससारखी स्थळे ते फुकट खेळू देतात आणि त्यांचे अंतरंगही सर्वांस खुले आहे. रूमची वही, समालोचन, हिशेब, पिंगचा नकाशा हे सारे जसेच्या तसे उपयोगी पडले. तो बोलका मुलगा आता उंटाच्या तिरप्या चालीचे वर्णन करू लागला. विशेष असे की, बेटाच्या खेळात मुलींची संख्या बोटावर मोजण्याइतकी होती, ती येथे वाढली. अनोळखी खेळाडूंच्या तोंडून मुलीचा आवाज ऐकताच जी भाषा निघते ती ऐकून पुष्कळ मुलींनी पूर्वी पाठ फिरवली होती. त्यावर मंडळाने एक नियम केला, तो अद्यापि चालू आहे: सामन्यात अपशब्द काढणारा पुढील दोन शनिवार खेळणार नाही, वही लिहील. हा दंड इतका कडक ठरला की, तो वापरण्याची वेळ क्वचितच आली. २९ मे २०२३ रोजी बेटाचा खेळ परत आला व जुने खेळाडूही परतले. पण तोवर मंडळ त्या बेटाच्या मापाचे उरले नव्हते.

त्याच वर्षी आणखी एक पाहुणा आला. पैसे लावून खेळावयाच्या एका ॲपचा प्रतिनिधी पंचवीस हजार रुपये देऊ करीत होता. त्याबदल्यात स्पर्धेच्या खोलीत त्यांचे नाव असलेला फलक लावावा आणि सभासदांचे मोबाइल क्रमांक द्यावेत, एवढेच त्याचे मागणे होते. ज्या मंडळाची वार्षिक उलाढाल चार हजारांच्या आत, त्यास ही रक्कम म्हणजे घबाड होते. दोन चांगले संगणक आले असते. सभेत बाजूने बोलणारे कमी नव्हते. क्रमांक आजकाल कोठे नसतात, हा त्यांचा युक्तिवाद. हिशेब ठेवणारी विद्यार्थिनी म्हणाली की, क्रमांक आपल्याला रूमचा शब्द कळवण्यासाठी दिलेले आहेत. ते विकण्याचा अधिकार वहीत कोठेही लिहिलेला नाही. वाद रंगात आला असता मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. तो फारसा बोलत नसे. आपण असल्याच एका ॲपवर दुसऱ्या सहामाहीच्या फीचे पैसे घालवले, वडिलांस अजून ठाऊक नाही, असे त्याने खाली पाहतच सांगितले आणि तो बसला. मते घेण्याची गरज राहिली नाही. त्या फीचे पुढे हप्ते बांधून देण्यात आले. ते कोणी कसे भरले हा तपशील त्या मुलाचा आहे, म्हणून येथे देत नाही.

या सभेनंतर मंडळाने प्रवेशशुल्काविषयीही नियम केला. तुकडीमागे चाळीस रुपये घेतले जात. पूर्वी त्यांचीच थैली विजेत्यास देण्याची चाल होती. सर्वांनी टाकावे व एकाने उचलावे, याचे जुगाराशी फार जवळचे नाते आहे, हे मुलांस स्वतःहून उमगले. तेव्हापासून शुल्क खर्चापुरतेच घेतले जाते, आणि विजेत्यास पुस्तक मिळते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचे काम क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा करून ई-स्पोर्ट्स एका बाजूस व पैसे लावण्याचे खेळ दुसऱ्या बाजूस असा भेद केला, आणि दुसऱ्या प्रकारावर बंदी घातली. कायद्याने रेघ ओढली हे योग्यच झाले. परंतु कायद्याची रेघ मैदानाच्या कडेला असते. मुलाच्या मनात ती ओढली जावयाची तर ती अशा एखाद्या शनिवारच्या सभेतच ओढली जाते.

महाविद्यालयीन मंडळास एक मरण बाहेरून येते व एक आतून. खेळ बंद पडणे हे बाहेरचे. आतले मरण दर तीन वर्षांनी ठरलेले असते. त्याचे नाव पदवीदान समारंभ. ज्यांनी मंडळ काढले ती मुले २०२४ साली निघून जाणार, हे आम्हांस आरंभापासून ठाऊक होते. असल्या वेळी पुष्कळ मंडळांत असे होते की, कर्ते विद्यार्थी शेवटच्या दिवसापर्यंत सारी सूत्रे हाती ठेवतात, प्रेमाने ठेवतात, आणि जाताना सारे काही डोक्यात घेऊन जातात. मागे राहिलेल्यांस खोलीच्या किल्लीखेरीज काही मिळत नाही. आमच्याकडे ठराव झाला तो असा: शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने जानेवारीनंतर कोणतेही पद धारण करू नये, प्रत्येक कामावर एक जुना व एक प्रथम वर्षाचा अशी जोडी असावी, आणि जे वहीत नाही ते मंडळास ठाऊक नाही असे समजावे. या ठरावाने त्या वर्षीची फेब्रुवारीतली स्पर्धा थोडी विस्कळीत झाली. नव्या मुलांच्या हातून एका तुकडीचे नाव दोनदा लिहिले गेले, वीज गेली तेव्हा काय करावे हे कोणास सुचले नाही, समालोचकाचा आवाज बसला. जुनी मुले भिंतीशी उभी राहून हे सारे पाहत होती. मदतीस धावण्यासाठी त्यांचे हात शिवशिवत होते, हे दिसत होते. ती धावली नाहीत. त्या दिवशी ती पूर्वीच्या कोणत्याही सामन्यापेक्षा अवघड डाव खेळत होती, आणि तो त्यांनी जिंकला असे आम्ही म्हणतो. पुढच्या वर्षीची स्पर्धा नव्या मुलांनी एकट्यांनी भरवली.

‘मिळणार काय?’ असे विचारणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांची व आमची नंतर गाठ पडली नाही. पडली असती, तर विजेत्यांच्या ढाली आम्ही त्यांस दाखवल्या नसत्या. ढाल एकच आहे, तीही उपविजेतेपदाची. आमच्या देशातील तीर्थ मेहता या तरुणाने २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई खेळांत, ई-स्पोर्ट्स तेथे केवळ प्रात्यक्षिकादाखल असताना, कांस्यपदक मिळवले. असा खेळाडू आमच्या खोलीतून निघेल अशी आशा करण्यास हरकत नाही, परंतु त्या आशेवर मंडळ चालवू नये. शंभरांतील एखादाच तेथवर जाणार. उरलेल्या नव्याण्णवांस मंडळाने काय दिले, यावरच त्याचा हिशेब व्हावा. कोणी अनोळखी माणसांचा जमाव वेळेवर मार्गी लावण्यास शिकला. कोणी मातृभाषेत अडखळल्यावाचून बोलण्यास शिकला. कोणी पंचवीस हजारांस नाही म्हणण्यास शिकला. आणि काही जण आपण उभारलेल्या गोष्टीपासून वेळेवर हात काढून घेण्यास शिकले. हे शेवटचे तर थोरामोठ्यांच्या संस्थांतही सहसा साधत नाही.

म्हणून पृच्छा करणाऱ्या मित्रांस आमचे सांगणे एवढेच आहे की, मंडळ अवश्य काढा. परंतु आधी संगणक घेऊ नका. रेंज असलेली एक खोली द्या, आठवड्यातील एक दुपार द्या, संध्याकाळी सातनंतर ती खोली बंद राहील असे ठरवा, आणि एक शंभर पानी वही घेऊन ती उत्तम खेळणाऱ्याच्या हाती न देता, ज्यास खेळता येत नाही तरी जो दर शनिवारी येतो, अशा मुलाच्या हाती द्या. आमच्याकडे सध्या चौथी वही चालू आहे. तिच्यातील अक्षर ज्यांचे आहे, त्यांनी पहिली वही लिहिणारास पाहिलेलेही नाही.